डोक्याकडं रक्त

शनिवारी सकाळी रूपालीने वडिलांच्या पलंगाच्या पायथ्याखाली विटा घातल्या, मोबाइलवर कोन तपासला, वर फरशीचा एक तुकडा सरकवला आणि म्हणाली, "आप्पा, पडा आता. उशी न्हाय, बसायचं न्हाय, उठायचं न्हाय. उद्या संध्याकाळपर्यंत."

"जेवायचं?" मारुतीरावांनी विचारलं.

"आडवं पडूनच."

"आणि... ते?"

रूपालीने पलंगाखालच्या भांड्याकडे बोट दाखवलं. मारुतीरावांनी एक दीर्घ श्वास घेतला, आणि डोकं खाली, पाय वर करून पडले.

रूपाली वडगावात राहून एका परदेशी विद्यापीठाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम करत होती. अंतराळात माणसाच्या शरीराचं काय होतं, हा विषय. गल्लीतल्या निम्म्या लोकांनी तिला "मग तू वर कधी जाणार?" असं विचारून झालं होतं, आणि दर वेळी तिच्या आईने, जयाबाईंनी, तिची दृष्ट काढली होती.

वर गुरुत्वाकर्षण जाणवत नाही, त्यामुळे अंगातलं रक्त-पाणी डोक्याकडे सरकतं. जमिनीवर हे बघायचं तर माणसाला डोक्याकडे उतार देऊन झोपवायचं. मग ठरावीक वेळाने नाडी, रक्तदाब, मानेचा आणि पोटरीचा घेर मोजायचा, आणि शेवटी त्याला उभं करून पुन्हा रक्तदाब घ्यायचा. अहवाल सोमवारी द्यायचा होता. नाही दिला तर सहामाही वाया. तिचा मित्र नागेंद्र झोपायला तयार झाला होता. पण भांड्याचं कळल्याबरोबर कणकुंबीची त्याची मावशी तातडीने आजारी पडली. मग मारुतीरावच म्हणाले, "जल्मभर यंत्रमागापुढं उभा ऱ्हायलोय. झोपायचंच हाय न्हवं?"

दुपारपर्यंत प्रयोग छान चालला. मारुतीरावांचे गाल फुगले, डोळे बारीक झाले, नाक चोंदलं. रूपाली आनंदाने आकडे लिहीत होती. तेवढ्यात शेजारच्या आक्काताई विरजण मागायला आल्या आणि दारातच थिजल्या.

"अय्यय्यो! भावजींना काय झालं वो?"

रूपालीने सकाळी समजावून सांगितलेलं जयाबाईंच्या जेवढं लक्षात राहिलं होतं, तेवढं त्यांनी सांगितलं. "काय न्हाय वो. रक्त डोक्याकडं जायलंय."

"डोक्यात?"

"व्हय. रूपालीच बघायलीय सगळं."

आक्काताई विरजण न घेताच गेल्या.

गल्लीच्या तोंडापर्यंत जाताना मारुतीरावांच्या डोक्यात रक्त साकळलं. खडेबाजारात पोचेपर्यंत त्यांची डावी बाजू गेली. फोनवरून बातमी निपाणीला पोचली तेव्हा वाचा गेली होती आणि डॉक्टरांनी "घरी न्या" म्हणून सांगितलं होतं. मारुतीरावांची बहीण नवऱ्याला, म्हणजे गुंडूरावांना, घेऊन मिळेल त्या बसने निघाली आणि दिवे लागायच्या वेळी उंबऱ्यातूनच हंबरडा फोडत आत आली.

"दादाऽऽ!"

गुंडूराव हे रडण्यापेक्षा कृतीवर विश्वास ठेवणारे गृहस्थ. त्यांनी सरळ मारुतीरावांच्या काखेत हात घातले. "पाव्हणं, बसा जरा. असं उलटं कुणी ठेवलंय तुमास्नी?"

"मामा, हात लावू नका!" रूपाली किंचाळली. "आप्पांना काहीसुद्धा झालेलं न्हाय. ह्यो अंतराळाचा प्रयोग हाय!"

आत्याने डोळ्याला पदर लावला. "पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला गं जया. काहीबी बोलायलीय."

त्यानंतर रूपालीला बसायलाही मिळालं नाही. भेटायला येणाऱ्यांतला एकजण उशी घालायचा, ती काढायची. कुणी म्हणालं, पाय वर करून झोपवणं बरं दिसत नाही. मागावर काम करणाऱ्या भरमूने तर ते ऐकून गुपचूप एक वीट काढली, आणि पलंग एका अंगाला कलला. रूपालीने वीट परत बसवली आणि स्वतः पलंगाच्या पायथ्याशी खुर्ची टाकली. आत्या रडली की मारुतीरावांची नाडी वाढायची. रूपालीने वहीत त्याचा वेगळा रकानाच केला. कोपऱ्यात शहाळ्यांचा ढीग वाढत होता.

सगळ्यात वैताग आणला तो खुद्द मारुतीरावांनी. रविवारी सकाळी माणसं वाढली तसा त्यांचा आवाज खोल जायला लागला.

"आप्पा, नीट बोला की! धडधाकट हाय म्हणून सांगा त्यांना."

"अगं, एवढ्या लांबनं आल्यात माणसं," मारुतीराव कुजबुजले. "काय झालं न्हाय म्हणून सांगितलं तर बरं दिसंल काय?"

दुपारनंतर घर एकदम शांत झालं. दारात आण्णाप्पा उभे होते.

आण्णाप्पा म्हणजे मारुतीरावांचे थोरले चुलतभाऊ. पलीकडच्याच गल्लीत राहायचे. रूपालीच्या मोठ्या बहिणीच्या लग्नपत्रिकेत त्यांचं नाव त्यांच्याच धाकट्या भावाच्या खाली छापलं गेलं होतं. चूक छापखान्याची, पण ते लग्नाला आले नाहीत आणि त्यानंतर या घराची पायरी चढले नाहीत. रस्त्यात समोरासमोर आले तर दोघेही स्कूटरचा हॉर्न वाजवून शेजारून निघून जायचे. बोलणं नव्हतं.

आण्णाप्पा पलंगाजवळ आले. भावाचं सुजलेलं तोंड बघून म्हणाले, "मारुती, पत्रिकेचं मनात धरू नको रं. मीच येडा. नाव खाली काय, वर काय..."

मारुतीराव विसरले. प्रयोग विसरले, आजार विसरले, लेकीची सहामाही विसरले. "आण्णाऽऽ!" म्हणून ते ताडकन उठले आणि पाया पडायला वाकले.

दीड दिवस डोक्याकडे साठलेलं रक्त एका दमात पायांकडे निघालं. मारुतीरावांचे डोळे पांढरे झाले आणि ते आण्णाप्पांच्या पायांवर सपशेल आडवे पडले.

क्षणभर सगळे भारावून बघत राहिले. असा नमस्कार त्या घरात कुणी कधी घातला नव्हता. मग ते उठेनात म्हटल्यावर एकच कल्लोळ उडाला.

"सरका! सरका सगळे!" रूपाली दोघांना ढकलून आत घुसली. तिने वडिलांच्या दंडाला पट्टा गुंडाळला, आकडा बघितला आणि तिचा चेहरा उजळला. "घसरला! रक्तदाब मस्त घसरला! अंतराळवीर परत आल्यावर हेच होतं!"

आत्याने कपाळावर हात मारला. "बाप पडलाय आणि ही हसायलीय!"

थोड्या वेळाने मारुतीरावांनी डोळे उघडले, शहाळं प्यायलं आणि दुसरं मागितलं. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. रूपालीने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, आणि या वेळी लोकांनी ऐकून घेतलं. गुंडूराव म्हणाले, "म्हणजे आमी उगंच आलो?" आत्या पुन्हा रडली, पण या वेळचं रडणं रागाचं होतं. शहाळी परत मागायची की नाही यावर कुजबूज झाली. हळूहळू घर रिकामं झालं.

रूपालीने संध्याकाळीच आकडे सरांना पाठवले होते. रात्री जेवणं उरकताना त्यांचा फोन आला. बोलून झाल्यावर तिने मोबाइल ताटाशेजारी आपटला.

"काय म्हणाले?" जयाबाईंनी विचारलं.

"आकडे आवडले. पण एकाच माणसावरून काही ठरवता येत न्हाय म्हणे. आणखी एकजण झोपवा. मुदत वाढवून दिलीय." तिने वडिलांकडे बघितलं. वडिलांनी ताटाकडे बघितलं. "आता कोण झोपणार? ह्या घरात तर मी परत कुणाला झोपवणार न्हाय!"

पंगतीच्या टोकाला आण्णाप्पा बसले होते. भावाच्या आग्रहाने जेवायला थांबले होते. त्यांनी भाताचा घास खाली ठेवला आणि चुलतभावाकडे न बघता विचारलं, "रूपाली, मी झोपलो तर चालंल काय गं?"

"थोरले आप्पा, तुम्ही? भांड्याचं माहीत हाय न्हवं?"

"ते जमंल." आण्णाप्पांनी घसा खाकरला. "फकस्त प्रयोग हाय म्हणून आधी कुणाला सांगू नको. बघू तरी, कोण कोण येतंय ते."