मंगळवारची चादर

मोघेकाका नमस्कार करण्याआधी समोरच्याच्या बाहीचा कपडा चिमटीत धरतात. कपडा कळला की मगच नावगाव विचारतात. माझ्या लग्नात त्यांनी भर मांडवात माझी बाही चाचपली आणि सासऱ्यांना सांगितलं, "शर्ट मिलावटी आहे, मुलगा बरा आहे."

इंदूरच्या परदेशीपुऱ्यात आमची घरं समोरासमोर. काका मिलच्या फोल्डिंग खात्यात कपडा तपासायचे, मी तिथेच कारकून. तयार ताग्यावर भिंग ठेवायचं, इंचातले उभे-आडवे धागे मोजायचे आणि शिक्का मारायचा, पास किंवा फेल. पुढे उदारीकरण आलं, सगळे बाजार उघडले आणि आमची मिल तेवढी बंद झाली. ते घडीचं भिंग मात्र काकांच्या खिशात राहिलं. तेव्हापासून शेजाऱ्यांचे पडदे, भाजीवाल्याची पिशवी, गणपतीच्या मांडवाची कनात, काहीच सुटत नाही. कुणी हरकत घेतली तर एकच उत्तर, "भिया, माल देखके बात करते हैं."

मी बरीच वर्षं इकडेतिकडे खर्डेघाशी केली. मग शहरात एक झकपक हॉटेल उघडलं आणि चादरी-टॉवेलांच्या स्टोअरवर मला सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलं. पाचव्या महिन्यात नव्याकोऱ्या चादरी धुण्यात फाटायला लागल्या. मॅनेजर दिल्लीचे. म्हणाले, "माल आपने उतरवाया है. शनिवार तक जवाब दीजिए, नहीं तो दूसरी नौकरी देखिए." घरात दोन मुलं शिकत होती. माझी झोप उडाली. शेवटी काकांना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका इस्त्रीचा शर्ट घालून हॉटेलात हजर. लॉबीत जुन्या मिलच्या बॉबिन टांगून दिवे केले होते. ते बघून म्हणाले, "उलट्या टांगल्यात." तेवढ्यात मॅनेजरनी हात पुढे केला आणि काकांनी त्यांच्या कोटाची बाही पकडली. "ऊन कम है, साहब. पॉलिएस्टर ज़्यादा." मला वाटलं, शनिवारची वाट बघायची गरज उरली नाही.

पण काकांनी चादर टेबलावर पसरली, भिंग ठेवलं आणि चक्क मॅनेजरना मोजायला बसवलं. साहेब एक डोळा मिटून पुटपुटत होते, दोनदा चुकले, पुन्हा मोजू लागले. बिलावर लिहिलेल्यापेक्षा धागे बरेच कमी निघाले. व्यापाऱ्याने नमुना चांगला दाखवून माल विरळ पाठवला होता. माल परत गेला आणि मी नोकरीत कायम झालो. माझं घर आजही त्या एका सकाळीवर उभं आहे. घरी येताना मी काकांचे आभार मानायला लागलो, तर म्हणाले, "माल खराब था, भिया. तू नहीं."

काकू जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. मुलगा पुण्याला. काकांचं दार दिवसभर उघडं असायचं आणि आत कुणी जात नसे. मंगळवारी माझी सुट्टी. मी एक चादर घेऊन त्यांच्याकडे जायला लागलो. "काका, नवा लॉट आलाय. जरा बघता का?"

हॉटेलात दर आठवड्याला कुठला आलाय नवा लॉट! स्टोअरने निकालात काढलेली एकच चादर होती. ती बायको दर सोमवारी धुऊन इस्त्री करायची. काका टेबल पुसून, दोन कप मांडून बसलेले असायचे. भिंग लावून धागे मोजायचे, चिठ्ठीवर 'पास' लिहून सही करायचे आणि मग चहा. वर्षानुवर्षं हे चाललं. काकांना मी बनवू शकलो, याचा मला छुपा अभिमानही होता.

गेल्या मंगळवारी त्यांनी चादरीचा कोपरा उलटून माझ्यापुढे धरला. तिथे लाल दोऱ्याचा एक बारीक टाका होता.

"हा मी पहिल्याच महिन्यात घातला," काका म्हणाले. "तीच चादर आहे, भिया."

मी मान खाली घातली. काकांनी चादरीची मिलमध्ये घालायचे तशी काटेकोर घडी घातली आणि माझ्या हातात दिली.

"विरत चाललीय आता. पुढच्या वेळी दुसरी आण. ही फेल करावी लागली, तर मंगळवारी काय घेऊन येशील?"