बाग सेवनियाच्या नऊ पायऱ्यांची फत्ते

प्रभुकृपेकरून सकळांस मालूम व्हावे जे, भोपाळ शहरी, बाग सेवनियाच्या मुलखी, कॅथलिक धर्मग्रामाच्या देवळास नऊ पायऱ्या होत्या, आणि त्या पायऱ्यांपुढे गुडघेदुखीचे मातब्बर सरदार एकामागून एक शिकस्त खाऊन घरी बसले, मग तेथे रॅम्प बांधावा ऐसी मसलत जाहली, त्या मोहिमेची हकिकत, पदरचे काही न घालिता, लिहिली ऐसी की—

धर्मगुरू फादर वर्की, मूळ मुलूख केरळ, स्वभाव मवाळ, यांनी सप्टेंबरातील रविवारी मिस्सा, म्हणजे देवळातील उपासना, आटोपल्यावर फर्मान काढिले की रॅम्पास पैका नाही, तरी प्रापंचिकांनीच खाद्यमेळा भरवून तजवीज करावी. सर्वांनी टाळ्या वाजविल्या. मग शशिकलाबाई भिंगारदिवे यांनी एवढेच पुसले की मेळा सांभाळणार कोण, आणि पुसले म्हणोन मुखत्यारी त्यांच्याच गळ्यात पडली. बाई मूळच्या नगरच्या, टी. टी. नगरच्या कचेरीत चौतीस साल टायपिंग करून निवृत्त जाहलेल्या, शेजारी कधी वाटीभर साखर मागितली नाही ऐशा मानी. त्यांस आता सारा मुलूख मागत फिरणे आले. त्या रात्री जेवण गोड लागले नाही.

बाईंची सरलष्कर सोनाली, महाराणा प्रताप नगरी कोचिंगात गणित शिकविणारी. तिने तत्काळ व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप उभारिला, आणि एका दिवसात एकशे बारा असामी दाखल जाहल्या, आणि एकशे बाराही जणांनी जोडलेल्या हातांची चित्रे धाडिली, आणि मग आठ दिवस कोणी अक्षर लिहिले नाही. सोनाली हवालदिल होऊन म्हणाली, "आंटी, सगळे सपोर्ट करताहेत, पण कोणी काही करतच नाहीये."

बाई म्हणाल्या, "जोडलेले हात पुष्कळ झाले. मला मोकळे हात पाहिजेत. स्कूटी काढ."

मग स्कूटीवर स्वार होऊन दोघींनी घरोघर कूच केले, आणि बाईंनी हिकमत ऐसी केली की मदत करा म्हणोन कोठेही म्हटले नाही. एकीस सांगितले की पन्नास अप्पम साडेदहास पोहोचावे, दुसऱ्यास सांगितले की पाण्याचे कॅन तुमचे, तिसरीस पुरणपोळ्या नेमून दिल्या. आणि नेमके काम हाती येताच लोक खूश जाहले, आणि दोघींत तर केकावरून तंटा उभा राहिला, तोही बाईंनी एकीस केक व एकीस कटलेट देऊन मिटविला.

राहिला एकच गड, तो अशोकराव पाटोळे यांचा. अशोकराव कारखान्यातून निवृत्त इंजिनिअर. मागे चौदा मेळे त्यांनीच पार पाडिले, आणि चुली, डेगा, तंबूवाल्याची ओळख, सारा सरंजाम त्यांपाशी. परंतु गेल्या सालच्या मेळ्याच्या आभारपत्रात त्यांचे नाव गाळले गेले, तेव्हापासून त्यांनी देवळाचा उंबरा सोडिला, आणि कोणी विचारिल्यास पत्नी वंदनाबाईंच्या गुडघ्यांचे कारण सांगत.

बाई त्यांच्या दारी गेल्या, तो वंदनाबाई चाकाच्या खुर्चीत बसोन मोबाईलवर मिस्सा ऐकत होत्या. अशोकरावांनी चहा दिला, अदब राखिली, आणि डेगांस भोके पडली आहेत ऐसे सांगितले. बाईंनी आर्जव केले, नाव गाळल्याची चूक कबूल केली, तरी गड ढळेना. अखेर ते म्हणाले, रॅम्प पाहिजे कोणास, हिला तर घरबसल्या सगळे ऐकू येते.

तेव्हा वंदनाबाईंनी मोबाईलचा आवाज बंद केला.

"ऐकू येतं सगळं," त्या म्हणाल्या. "पण फादर म्हणतात, एकमेकांना शांती द्या. तेव्हा मी कुणाच्या हातात हात देऊ? तुमचा तर देवळावर राग आहे. आणि तो माझ्या गुडघ्यांवर कशाला घालता?"

अशोकरावांनी कपातली साय चमच्याने बाजूस सारिली. शशिकलाबाईंस वाटले की उठावे, परंतु त्या बसोन राहिल्या. मग अशोकराव खाली पाहत म्हणाले, "रॅम्पला चढ किती धरलाय?"

बाई म्हणाल्या, फादरांना विचारते.

"फादरांना काय कळतंय. एक फूट चढायला बारा फूट लांबी पाहिजे, नाहीतर खुर्ची मागे येईल," ऐसे बोलोन ते माळ्यावर चढले, आणि डेगा निघाल्या, आणि एकीसही भोक नव्हते.

नोव्हेंबरातील मेळ्यास ऐसी गर्दी लोटली की बाराच्या सुमारास अप्पम संपले, कटलेट संपले, आणि कुपन हाती घेतलेली प्रजा बिथरली. तेवढ्यात अशोकरावांनी राखीव ठेविलेल्या मटणाच्या डेगेचे झाकण उघडले, आणि वास मैदानभर पसरताच आघाडी सावरली, आणि संध्याकाळपर्यंत रॅम्पापुरता ऐवज जमा जाहला.

मग काम लागले, आणि अशोकराव रोज उन्हात उभे राहून गवंड्याचा जीव खात होते, परंतु उंबरा ओलांडीत नव्हते. नाताळाच्या आदल्या रविवारी रॅम्प खुला जाहला. अशोकरावांनी वंदनाबाईंची खुर्ची ढकलीत अर्ध्यावर नेली, तो वंदनाबाईंनी हात सोडावयाची आज्ञा केली, आणि स्वतः चाके फिरवीत वर पोहोचल्या. अशोकराव मात्र खालीच थांबून, वाकून, चढ तपासल्याची बतावणी करू लागले. आत गीताचा पहिला सूर लागला. दारात उभ्या शशिकलाबाईंनी, अशोकरावांस बोलावयास निघालेल्या फादर वर्कींस हाताने थांबविले.

वंदनाबाईंनी खुर्ची वळवून म्हटले, "बरोबर आहे चढ. या आता."

अशोकरावांनी पायऱ्यांकडे पाहिले, रॅम्पाकडे पाहिले, आणि ते चपला नीट काढोन रॅम्पानेच वर आले.

येणेप्रमाणे शशिकलाबाईंच्या मुखत्यारीत बाग सेवनियाची मोहीम फत्ते जाहली. एका खुर्चीसाठी वाट केली, आणि त्या वाटेने दोन माणसे आत आली, हे दफ्तरी नमूद असे.