सैल पट्ट्यांचा बंदोबस्त

झाडावर चढायच्या सुट्या पायऱ्यांचे पट्टे गेल्या वर्षी व्हर्लिनने लोंबतेच ठेवले होते. वाऱ्यावर बक्कल खोडावर टणटणलं, हरीण पळालं आणि 'हरीण हुकलं की सदरा कापायचा' या शिकारीच्या खोपटातल्या रिवाजाप्रमाणे मेहुण्याने, डेल्मरने, व्हर्लिनच्या सदऱ्याचं मागे लोंबणारं शेपूट कापून भिंतीवर ठोकलं.

यंदा व्हर्लिनच्या बायकोने, आर्डिसने, नवऱ्याला आणि भावाला एकाच लाल चौकड्याच्या कापडाचे लोकरी सदरे शिवले. कॉलरच्या आत दोऱ्याने ज्याची त्याची नावंही काढली. डेल्मर सध्या त्यांच्याच घरी राहत होता, म्हणून तिने दोघांनाही बजावलं, "ज्याचा सदरा आखूड होऊन येईल, तो हिवाळाभर गॅरेजात झोपेल." विस्कॉन्सिनच्या हिवाळ्यात गॅरेजात लोणीसुद्धा कोणी ठेवत नाही.

व्हर्लिनने आर्डिसची केसांची रबरं मागून घेतली. पहाटे अंधारात त्याने खोपटातल्या खुंटीवरचा सदरा चढवला. तो जरा ढगळ लागला. 'वजन उतरलं वाटतं,' म्हणून स्वारी खूश झाली. एकेक पायरी खोडाला आवळत, पट्ट्याचं उरलेलं टोक गुंडाळून त्यावर रबर चढवत तो मचाणावर पोचला. बसल्यावर मागे चाचपलं, तर एक रुंद, मऊ टोक लोंबतच होतं. "राहिलाच की हा!" त्याने तेही वरच्या पट्ट्यात घट्ट गुंडाळून दोन रबरं चढवली.

उजाडलं. हरीण आलं. बक्कल वाजलं नाही. व्हर्लिन धनुष्य घेऊन उठला आणि धपकन खाली बसला. पुन्हा उठला, पुन्हा बसला. हरणाने त्याच्या उठाबशा शांतपणे पाहिल्या आणि ते निघून गेलं. थिजलेल्या बोटांना मागची गाठ सुटेना. अंगावर सुरक्षेचे पट्टे, त्यामुळे सदराही काढता येईना.

शेजारच्या झाडावरून डेल्मर हसत आला. "दाजी, हरणाला कसरत शिकवत होता का?"

"दात नको काढूस. मागचं सोड."

डेल्मर वर चढला. "काय सुबक बांधलंय हो! सोडवायला जीव होत नाही." त्याने सुरी काढली.

"अरे, तुझी ताई मला गॅरेजात झोपवेल!"

"नियम म्हणजे नियम, दाजी. हरीण गेलं, शेपूट गेलं." आणि त्याने कापलंच.

खोपटात त्याने ते शेपूट गेल्या वर्षीच्या शेजारी ठोकलं आणि तो सॉसेज खायला बसला. तोच त्याच्या पोटावरचं बटण उडून तव्यात पडलं.

"ताईचं माप चुकलंय यंदा. सकाळपासून श्वास घेता येत नाही."

व्हर्लिनचा घास थांबला. त्याने आपली कॉलर उलटून पाहिली, मग तो घास सावकाश चावून गिळला.

"डेल्मर, तुझ्या कॉलरमध्ये कोणाचं नाव आहे, बघ बरं."

डेल्मरने पाहिलं. भिंतीवरच्या शेपटाकडेही पाहिलं. मग त्याचा बारीक आवाज आला,

"दाजी, गॅरेजातला हिटर चालतो ना हो?"