काचेमागचा पेशंट

तिसऱ्यांदा परीक्षेला उभी राहताना थरथरीचे हात नेहमीसारखेच थरथरत होते. हे नाव नर्सिंगच्या वर्गातल्या मुलींनी ठेवलेलं, आणि त्यात काही खोटं नव्हतं. आज पुन्हा नापास झाली, तर मैत्रिणी उद्या वॉर्डात जाणार आणि ही बसणार वर्षभर रिकाम्या खाटांवर चादरी घालत.

समोर काका पडले होते. काका म्हणजे सरावाचा रबरी पुतळा. त्याची छाती हलायची, नाडी लागायची. बोलायच्या मात्र मॅडम, काळ्या काचेमागच्या खोलीत माइकपुढे बसून. पेशंट बोलेल ते खरं मानायचं, हा नियम. मागच्या खेपेला काका कण्हू लागताच थरथरीने घाबरून विचारलं होतं, "मॅडम, हे तुम्हीच ना?" तिथेच तिचा निकाल लागला होता. आज आभाळ कोसळलं तरी पुतळ्याला पुतळा म्हणायचं नाही, असं तिने ठरवलं होतं.

"काका, काय होतंय तुम्हाला?"

"पोटात दुखतंय," काका मॅडमच्या आवाजात म्हणाले. मग जरा वेळाने, "अगं, थांब. मला चक्कर येतेय."

"घाबरू नका काका, मी आहे ना."

"काका नाही गं! मी मॅडम बोलतेय. परीक्षा थांबव!"

थरथरी मनातल्या मनात हसली. आता ती थोडीच फसणार होती! तिने लिहिलं, 'पेशंटला स्वतःची ओळख सांगता येत नाही.'

"बरं काका, आज वार कोणता?"

"वार गेला खड्ड्यात! घाम फुटलाय मला. हातपाय लटपटतायत."

'चिडचिड, घाम,' लिहिता लिहिता तिचं पेन थांबलं. "सकाळपासून काही खाल्लंत?"

"कुठलं खातेय? इन्सुलिन टोचलं, आणि मग तुम्हा एकोणीस जणींची परीक्षा. डबा तसाच राहिला."

"काका, साखर उतरलीय तुमची!" तिचा आवाज पहिल्यांदाच ठाम निघाला. "काहीतरी गोड तोंडात टाका. लगेच!"

"पर्समध्ये गोळ्या... हात पोचत नाही..." आवाज अडखळला आणि धपकन काहीतरी पडलं.

थरथरीने वाकून खाटेखाली पर्स शोधली. तिथे नुसत्या वायरी होत्या. काकांच्या कपाळाला हात लावला, तर ते कोरडं ठणठणीत. मग तिची नजर काचेकडे गेली आणि खरा पेशंट कुठे आहे ते कळलं. ती धावत सुटली.

मॅडम खुर्चीवरून घसरून जमिनीवर बसल्या होत्या, चेहरा पांढराफटक. ज्यांच्या चपलांच्या आवाजाने वर्ग चिडीचूप व्हायचा, त्यांना तिने दंडाला धरून भिंतीला टेकवलं आणि पर्समधून गोळ्या काढल्या.

"गिळता येतंय ना? मग ही गोळी चावा. बोलू नका. गप्प बसा म्हटलं ना!"

मॅडम चक्क गप्प बसल्या. दाराशी जाऊन तिने हाका मारून माणसं गोळा केली, परत येऊन दुसरी गोळी भरवली.

पंधरा मिनिटांनी मॅडममध्ये खेकसण्याइतकी ताकद आली. "पेशंटला एकटं टाकून आलीस!"

काचेपलीकडे काकांचं मशीन एकसुरी किंचाळत होतं. पडताना मॅडमचं कोपर बटणांवर आपटून काकांची नाडी बंद झाली होती.

"काका गेले," मॅडम म्हणाल्या.

"हो, मॅडम." थरथरीला रडूच फुटायचं बाकी होतं. आता पुन्हा चादरी.

मॅडमनी गुणांचा कागद ओढला, काहीतरी खरडलं आणि तिच्यापुढे सरकवला. "दोघांतला एक वाचवलास. उद्या सकाळी सातला वॉर्डात ये. इथे सही कर."

थरथरीने पेन धरलं. पेन कागदावर टिकेना.

"मघाशी मला गोळ्या भरवताना हात कसा स्थिर होता तुझा," मॅडम म्हणाल्या. "मग आता काय झालं?"

"मघाशी तुम्ही पेशंट होता," ती कशीबशी म्हणाली. "आता परत मॅडम झालात."