खुर्चीतला माजी विद्यार्थी

“खऱ्या कलावंताला ओळखपत्र लागत नाही. त्याचा चेहरा हेच त्याचं ओळखपत्र!” नानांनी कलामहाविद्यालयाच्या फाटकासमोर उभं राहून जाहीर केलं.

“मग तिकीट काढा,” पहारेकरी म्हणाला. “कुणाचे आजोबा?”

नानी दोन तिकिटं काढून आल्या.

नाना इथलेच माजी विद्यार्थी. पुढचं आयुष्य त्यांनी साबणाच्या खोक्यांवर फेस रंगवण्यात घालवलं. त्यांच्याइतका मऊ फेस कुणालाच जमत नसे, असं ते स्वतः सांगत आणि खोडून काढायला दुसरा फेसवाला नव्हता. घरात मात्र लग्नापासून एकच पारायण चालू होतं : कॉलेजात आम्ही कोण होतो! सध्याचे प्राचार्य त्यांच्याच वर्गातले. “मला बघून जागेवरून उडतो की नाही बघ!” असं नाना गेले कित्येक दिवस बजावत होते. आज वार्षिक कलामेळा. आज निकाल लागायचा होता.

“आणि नाही ओळखलं तर?” नानींनी विचारलं.

“तर या जन्मात घरात कॉलेजचं नाव काढणार नाही!”

नानींचा चेहरा एकदम उजळला.

आत मुलांनी मांडव भरून टाकला होता. मातीची भांडी, छापील पिशव्या, तारेचे प्राणी. नाना प्रत्येक टेबलापाशी थांबून मुलांना न मागितलेला सल्ला देत होते आणि मुलं त्यांना न मागितलेली पिशवी विकू पाहत होती. तेवढ्यात पाहुण्यांच्या घोळक्यातून प्राचार्य गेले. नानांनी दोन्ही हात हलवले. प्राचार्यांनीही हलवला. नानांच्या मागे उभ्या असलेल्या फोटोग्राफरला!

“चष्मा विसरला असेल,” नाना म्हणाले.

“नाकावर होता,” नानी म्हणाल्या आणि उत्साहाने भांडी बघायला गेल्या.

नानांचे पाय भरून आले होते, मन त्याहून जास्त. ते जिना चढून जुन्या चित्रकलेच्या वर्गात गेले. टर्पेंटाइनचा तोच वास! वर्गात कुणी नव्हतं. चित्रं टेकवायचे लाकडी घोडे अर्धवर्तुळात पाठ करून उभे होते आणि समोर चौथऱ्यावर एक खुर्ची. नाना तिच्यात विसावले.

जरा वेळाने मुलं तोंडं पुसत चहाहून परतली आणि थेट आपापल्या घोड्यामागे गेली. वेणीला निळा रंग लागलेली एक मुलगी पुढे आली.

“काका, मान जरा डावीकडे. हां! आता हलू नका.”

नानांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ओळखलं! पोरांनी ओळखलं! माजी विद्यार्थ्याचं व्यक्तिचित्र! त्यांचा ऊर असा भरून आला की शर्टाची दोन बटणं दचकली. त्या वर्गाचा एक धर्म होता : समोरच्याने ब्रश उचलला की बसलेल्याने दगड व्हायचं. नाना दगड झाले. हसरा दगड.

घोड्यांमागे कुजबुज सुरू झाली.

“अरे, हे सकाळचे नाहीत वाटतं. मिशी कुठे गेली?”

“चहा पिताना भिजते म्हणून काढली असेल.”

“तू रंगव रे! सर काय म्हणाले? समोर दिसेल ते काढायचं, वाद घालायचा नाही.”

काहींनी मिशी खरवडली. काहींनी जीव लावून रंगवली होती, त्यांनी ठेवली.

एवढ्यात नानी नवं मडकं घेऊन आल्या. “अहो, चला. प्राचार्य काही उडाले नाहीत.”

“म्म्म्,” नाना म्हणाले.

“दातखीळ बसली का?”

“काकू, त्यांच्याशी बोलू नका ना,” वेणीवाली म्हणाली, “तोंड हलतं त्यांचं.”

नवरा इतका वेळ गप्प बसलेला नानींनी संसारात पाहिला नव्हता. त्यांनी स्टूल ओढलं आणि मडकं मांडीवर घेऊन तो सोहळा बघत बसल्या.

आणि दारात मिशी अवतरली. मागोमाग तिचा मालक, कॉलेजचा पगारी मॉडेल!

“माझ्या खुर्चीत हा कोण?”

“माजी विद्यार्थी,” नाना ओठ न हलवता म्हणाले.

“माणूस चहाला गेला तर लगेच दुसरा भरती? वर त्याला मिशीसुद्धा नाही? मला तासन् तास बसता येतं, अपमान सोसता येत नाही!” असं म्हणून मिशीवाले जे गेले ते गेलेच.

आता कुठे नानांना उलगडा झाला. त्यांचे कान लालबुंद झाले.

“कानांचा रंग बदलला!” एक जण करवादला आणि त्याने लाल ट्यूब पिळली.

आरडाओरडा ऐकून प्राचार्य धावत आले. “मॉडेल गेला? अरे, स्पर्धेच्या चित्रांसाठी उद्या मॉडेलची शेवटची बैठक आहे!” मग त्यांनी नानांकडे पाहिलं. एक डोळा मिटला. एका मुलाचा ब्रश घेऊन, लांब धरून नानांचं नाक मोजलं. नानींनी मडकं घट्ट धरलं.

“हे नाक... हे नाक मी किती वेळा काढलंय! अरे, आपला मॉडेल दांडी मारायचा तेव्हा दर वेळी बसायचास तो तूच ना रे?”

“मीच!” नाना खुर्चीतून उडाले. उडायचं खरं तर दुसऱ्याने होतं. “बघितलंस? ओळखलं!”

नानींच्या चेहऱ्यावर पुढचं सगळं आयुष्य पसरलं.

“वहिनी, याच्यासारखा बसणारा कॉलेजला पुन्हा मिळाला नाही.”

“आणि चित्रं कशी काढायचे?” नानींनी शेवटची आशा धरून विचारलं.

प्राचार्य विचारात पडले. “तू चित्रंही काढायचास का रे?”

पण नानांना आता काही ऐकू येत नव्हतं. प्राचार्यांनी उद्या बसशील का विचारलं, तेव्हा ते “बसणार म्हणजे काय!” असं म्हणून साबणाच्या जाहिरातीसारखे चमकले.

वेणीवाली संकोचत जवळ आली.

“काका, उद्या तेवढा चेहरा एवढा खुलवू नका. स्पर्धेचा विषय ‘उपेक्षित माणूस’ आहे.”