अर्धं डोकं आणि पुरं गणगोत

"दार लावा गं, उजीड टोचतोय!" वडूजच्या घरातला मनुबाईचा, म्हणजे आईचा, हा आवाज अंकिता बालवाडीपासून ऐकत आली.

माणूस औषधाचं नाव विसरतो, पण छळणारा नातेवाईक विसरत नाही, हे महासत्य साताऱ्याच्या सुमंत सरांनी शोधलं आणि त्यावर स्मरणवर्ग काढला. शंभरातल्या ब्याण्णव मुलांना औषधं पाठ होतात. (उरलेल्या आठांचे नातेवाईक चांगले असतात.)

फार्मसीच्या तोंडी परीक्षेत अंकिता अर्धशिशी टाळायच्या गोळ्यांवर दोनदा गारद झालेली. "तिसऱ्यांदा गेलीस तर कालेज बंद, पावनं बोलवतो," असं वडिलांनी जाहीर केलेलं.

"घरात माणसं किती?" सरांनी विचारलं.

"सतरा, सर. नि आई."

"मग काळजी कसली!"

प्रत्येक गोळीच्या परिणामांशी जुळणारा नातेवाईक निवडून रीतसर नेमणुका झाल्या. प्रोप्रानोलॉलच्या पदावर सुभेदार मामा. त्यांना ओवीसुद्धा मंजूर झाली:

धडधडीची चाल माझ्या मामानं रोखली,
दमेकऱ्यानं बाई दुजी वाट धरली.

म्हणजे ही गोळी हृदयाचे ठोके हळू करते, पण दमेकऱ्याला चालत नाही.

अमिट्रिप्टिलिन म्हणजे नाथाजीकाका. त्यांच्या लढाईच्या गोष्टी ऐकताना झोप येते नि तोंड कोरडं पडतं. टोपिरामेट धाकटी काकी: अंगानं काडी, बोलताना शब्द सापडत नाही. फ्लुनारिझिनला थोरले जावई बिनविरोध. वजन वाढतं, आणि ते ताटावरच पेंगतात.

खुद्द रोगासाठी मात्र चित्र शोधावं लागलं नाही. एक बाजू ठणकते, उजेड नको, आवाज नको, ओकाऱ्या, कपाळाला करकचून फडकं. आई. "आदर्श चित्र!" सर गहिवरले. "परीक्षा होईपर्यंत पुसू नकोस."

अंकितानं पुसलं नाही. परीक्षकांपुढे ती जात्यातून पीठ पडावं तशी बोलली. या गोळ्या दुखल्यावर नव्हे, दुखू नये म्हणून रोज घ्यायच्या, हेही सांगितलं. पहिली आली. घरी कंदी पेढे आले. सतराजणांपुढे तिनं सगळं पुन्हा म्हटलं, तसा टाळ्यांचा कडकडाट झाला.

आतल्या खोलीचं दार किलकिलं झालं.

"आवं, टाळ्या जरा हळू." आई चौकट धरून उभी होती. "अंके, कवा बोलले न्हाई गं. वीस वरसं झाली, अर्धं डोस्कं फुटतंय माझं. त्यातली येखादी गोळी मला चालंल का?"

जावईसुद्धा जागे झाले.

(वाचकांना एव्हाना चारही औषधं पाठ झाली असतील. अभिनंदन. आता आईचं नाव तेवढं वर न बघता सांगावं.)