पुढच्या खोलीचा रेफरी

आमच्या गल्लीत पिवळं कार्ड न मिळालेला माणूस शोधून सापडायचा नाही. दूधवाल्याला मिळालंय, विजेचं रीडिंग घ्यायला येणाऱ्याला मिळालंय, भलत्याच दाराला फुलपुडी अडकवणाऱ्या मुलीला तर दर चतुर्थीला मिळतं. मला एकदा लाल मिळालं, ते तुमच्यामुळे.

तुम्ही दोघं नातवंडं तिकडे झोपण्याआधी फोन करता तेव्हा इथे दिवस चांगला वर आलेला असतो. मी गॅलरीत उभी राहून तुमच्याशी बोलत होते. तुम्हाला ऐकू जात नव्हतं म्हणून मी आवाज चढवला, तरी जात नव्हतं म्हणून आणखी चढवला. समोरच्या घरातून शिट्टी वाजली आणि पिवळं कार्ड वर झालं. मी हातातला फोन दाखवला, म्हणजे बाबा रे, परदेशातला आहे. रेफरीशी हुज्जत घातली म्हणून दुसरं पिवळं निघालं आणि पाठोपाठ लाल. लाल मिळालं की मैदान सोडावं लागतं. उरलेलं बोलणं मी न्हाणीघरात उभी राहून केलं. आजी आज विहिरीतून का बोलतेय, असं धाकट्यानं विचारलं होतं ना, त्याचं उत्तर आप्पालाल जमादार.

आप्पालालभाई फाउंड्रीत टर्नर होते, पण ते पोटासाठी. बाकीचं आयुष्य त्यांनी फुटबॉलच्या मैदानावर शिट्टी वाजवण्यात घालवलं. शिवाजी पेठेत माणसाला आधी तालीम विचारतात आणि मग आडनाव. कुठल्या तालमीची टीम तुमची, यावर इथे सोयरिकी अडलेल्या आहेत. अशा ठिकाणी रेफरी होणं म्हणजे दोन्हीकडून शिव्या खायचं काम, आणि ते त्यांनी आनंदानं केलं. स्वतःची तालीम कोणती हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. "मलासुदीक न्हाय सांगितलं," असं त्यांची बायको, आमच्या रशीदाभाभी, म्हणायच्या. "एकदा तापात बडबडत हुते तवा कान लावून बसले. तर तापात पण फाऊलच देत हुते."

आता सत्तरी ओलांडली तरी काळी हाफ पँट, गुडघ्यापर्यंत मोजे आणि गळ्यात शिट्टी हा वेश सुटलेला नाही. लग्नाच्या पंगतीत वाढपी उशिरा आला तर ते घड्याळ बघून शेवटी तेवढा वेळ वाढवून देतात. नळावर दोन बायका भांडायला लागल्या की दोन्ही हात पुढे पसरून "खेळ चालू" म्हणतात आणि निघून जातात. बायका तशाच उभ्या राहतात, कारण भांडण थांबवायचं की चालू ठेवायचं हे कुणालाच कळत नाही. माझ्या शेजारच्या शेवंताकाकू म्हणतात, "रेफरीच्या दारातनं जाताना चप्पलसुदीक सरळ पाडावी लागतीया."

भाभी गेल्या तेव्हा घरात ते एकटे उरले. मूलबाळ नाही. वर्षभरात त्यांनी पुढची खोली बालवाडीला दिली आणि स्वतःची कॉट स्वयंपाकघरात नेली. बालवाडी चालवते सुनीता, आमच्याच गल्लीतली, त्यांना चाचा म्हणणारी. पण बालवाडीत नियम चाचांचे. रडणारं मूल आलं की ते उकिडवे बसून त्याच्याकडे नीट बघतात आणि निकाल देतात: "लागलं न्हाय, नुस्तं आपटलंय. खेळ चालू." मूल इतकं गोंधळतं की रडायचं राहून जातं. खिचडी फेकली तर पिवळं कार्ड. आणि कार्ड मिळालं की खेळाडूनं उभं राहून आपलं पूर्ण नाव सांगायचं, कारण मैदानावर रेफरी नाव लिहून घेतो. त्यामुळे आमच्या बालवाडीतल्या सगळ्यात खोडकर मुलांना आपलं नाव, वडलांचं नाव आणि आडनाव खणखणीत येतं. गुणी मुलं जरा मागे आहेत.

गेल्या हिवाळ्यात सुनीताला पगार देणाऱ्या संस्थेनं कळवलं की जूनपासून आम्हाला जमणार नाही. म्हणजे बालवाडी बंद. आमच्या भागात बालशिक्षणाची एक समिती आहे, तिच्यामार्फत अर्ज केला तर लहान मुलांची शाळेची तयारी सुधारण्यासाठी अनुदान मिळतं, असं सुनीताला कळलं. ती अर्ज घेऊन आली. मागोमाग आप्पालालभाई आले.

"वैनी, तुमचं इंग्रजी शिक्षण हाय. हे लिवा."

"अर्ज मराठीत आहे, आप्पालालभाई."

"मग तर जास्तच अवघड."

ते खरंच होतं. पहिल्याच पानावर विचारलं होतं की बालकांमध्ये भावनिक स्व-नियमन कितपत विकसित झाले आहे.

"म्हंजे काय वो?"

"राग आला तरी चावायचं नाही," मी म्हटलं.

त्यांनी डोळे मिटून एकेक मूल आठवलं. "मग आमची पोरं तयार हायती. एक सोडून."

"आरव," सुनीता म्हणाली.

"लिवा, आरव सोडून."

"चाचा, असं लिवून अनुदान मिळत नसतंय."

"खोटं लिवून मिळवलेला गोल मी आजपत्तूर दिला न्हाय. लिवा वैनी."

शेवटी मी 'बहुतांश बालकांमध्ये' असं लिहिलं. 'बहुतांश' म्हणजे आरव सोडून, हे त्यांना पटवायला एक चहा लागला. मग शाळेसाठी मूल तयार झालं हे तुम्ही कशावरून ओळखता, असा प्रश्न आला. सुनीतानं रंग, आकार, अंक असं सांगायला सुरुवात केली. आप्पालालभाईंनी तिला हातानं थांबवलं.

"दारात आईचा हात सोडतंय का ते बघायचं. सोडल्यावर मागं बघंना का, कितीबी वेळा बघंना. पण पाय पुढं पायजेत. चड्डीचं बटण सोताचं सोताला यावं. पाणी सांडलं तर सांगावं, आणि दुसऱ्यानं सांडलं तर सांगू नये. झालं तयार."

मी ते सगळं समितीला समजेल अशा मराठीत उतरवलं. वाचून दाखवल्यावर त्यांनी विचारलं, "ह्यात बटण कुठं गेलं?"

"दैनंदिन स्वावलंबन."

"बटणाला यवढं मोठं नाव," ते सुनीताला म्हणाले. "पोरास्नी सांगू नगंस. घाबरतील."

शेवटच्या पानावर अटी होत्या. मी त्या वाचत गेले. मुलांची संख्या, शिक्षिकेचं प्रशिक्षण, वर्षानं पुन्हा पाहणी, मग एक अट अशी की अनुदान मिळाल्यास केंद्र खासगी राहत्या घरात न ठेवता स्वतंत्र जागेत हलवावं; पुरेशी सोय असल्यास समिती सूट देऊ शकेल. मी थांबले. सुनीतानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. आप्पालालभाई मोजे वर ओढत होते. एक ओढून झाला, मग दुसरा ओढला.

"पुढं वाचा की," ते म्हणाले.

सूट मिळवायची हे मी मनाशी ठरवून टाकलं. तुम्हाला तुमच्या आजीचा स्वभाव माहीत आहे. समितीची माणसं बघायला येणार म्हटल्यावर मी मुद्दे तयार केले: मागच्या अंगणात छोटं स्वच्छतागृह बांधता येईल, मधली भिंत सरकवता येईल, घरमालकाची हरकत नाही. घर त्यांचं, पोरं त्यांची, मग ती दुसरीकडे कशाला न्यायची?

ते लोक आले तेव्हा ठरलेली वेळ टळून गेली होती. सुती साडीतल्या एक अध्यक्षा मॅडम होत्या, आणि त्यांच्याबरोबर एक सदस्य, फोन कानाला लावलेले. ते तसेच बोलत बोलत, बुटांसकट, मुलांच्या सतरंजीवर आले.

शिट्टी वाजली. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा पिवळं कार्ड सदस्यांच्या नाकासमोर होतं.

"हे काय आहे?" सदस्य म्हणाले.

आप्पालालभाईंनी कार्ड तसंच वर धरून ठेवलं. रेफरी उत्तर देत नसतो. पण मुलांना नियम माहीत होता. एक म्हणालं, "नाव सांगा." मग सगळीच लयीत म्हणायला लागली, "नाव सांगा, नाव सांगा." सदस्यांनी फोन खाली केला, इकडेतिकडे पाहिलं आणि आपलं पूर्ण नाव सांगितलं, आडनावासकट. एका मुलीनं टाळी वाजवली.

सुनीताचा चेहरा पांढरा पडला होता. मॅडम मात्र हसू दाबत होत्या. त्यांनी विचारलं, "हे रोज असतं का?"

"आज कमी हाय," आप्पालालभाई म्हणाले. "पावणं आल्यात म्हणून पोरं शिस्तीत हायती."

सदस्यांनी बूट काढले आणि कुणाशी तरी बोलायला हवं म्हणून समोरच्या मुलापुढे वाकले. तो आरव होता. त्यांनी त्याचा गाल धरला. गाल धरलेला आरवला मुळीच चालत नाही. त्यानं तोंड उघडलं. मी पाहिलं, सुनीतानं पाहिलं, आप्पालालभाई शिट्टी ओठाशी नेऊन उभे राहिले, पण वाजवली नाही. आरव त्या बोटाकडे बघत राहिला. मग उघडलेलं तोंड वाया जाऊ नये म्हणून की काय, जोरात म्हणाला, "आरव सागर पोवार, शिवाजी पेठ, कोल्हापूर."

"छान," सदस्य म्हणाले. काय टळलं ते त्यांना अजून माहीत नाही.

मॅडमनी तासभर सगळं पाहिलं. मुलांना बटणं लावताना पाहिलं, पाणी सांडल्यावर कुणी कुणाचं नाव सांगत नाही हेही पाहिलं. निघताना त्या दारात थांबल्या. "मुलं तयार आहेत," त्या म्हणाल्या. "प्रश्न जागेचा आहे. पलीकडच्या गल्लीतल्या शाळेत एक वर्गखोली रिकामी आहे, अंगणही आहे. पण घरमालकांचं म्हणणं असेल तर इथेच ठेवण्याचा विचार करता येईल. तुमचं काय म्हणणं आहे?"

मी पुढे झाले. "मागच्या बाजूला—"

बारीकशी शिट्टी वाजली.

"वैनी, ऑफसाइड," आप्पालालभाई म्हणाले. मग मॅडमकडे वळून, "खोली बारकी हाय. उन्हाळ्यात पत्रा तापतो. आन् पोरास्नी पळायला जागा न्हाय, ती सतरंजीवर पळत्यात आन् भिंतीवर आदळत्यात. लिवा, बारकी हाय म्हणून."

"घर तुमचं आहे, आजोबा. नीट विचार करून सांगा."

"निर्णय दिला की," ते म्हणाले.

त्या दिवशी मी त्यांच्याशी बोलले नाही. एवढे मुद्दे काढले होते मी.

अनुदान मंजूर झालं. जूनमध्ये बालवाडी हलली. पोरांची रांग त्यांनी स्वतः नेली, पुढे शिट्टी, मागे सुनीता. गल्लीच्या तोंडाशी एका रिक्षाला पिवळं कार्ड मिळालं. उद्घाटनाला नारळ होता, पेढे होते, अध्यक्षा मॅडम होत्या. आप्पालालभाईंना खुर्ची ठेवली होती, पण मुलांना आत सोडून ते कधी निघाले ते कुणाला कळलं नाही. संध्याकाळी मी विचारलं तर म्हणाले, "रेफरी बक्षीस समारंभाला थांबत नसतोय, वैनी. मॅच संपली की घर."

त्यानंतर आठवडाभर गल्लीत कुणालाच कार्ड मिळालं नाही. दूधवाला मला विचारत होता, आजारी आहेत का. फुलपुडीवाल्या मुलीनं मुद्दाम भलत्या दाराला पुडी अडकवून पाहिली. एका दुपारी मी वाटीभर सांजा घेऊन समोर गेले.

दार उघडं होतं. खोली झाडलेली होती, सतरंजी गुंडाळून कोपऱ्यात उभी होती. कॉट अजून स्वयंपाकघरातच. मुलांची दप्तरं अडकवायला त्यांनी भिंतीला कमरेच्याही खाली खुंट्यांची एक रांग ठोकली होती. तिच्यावर आता त्यांचा शर्ट होता, पिशवी होती, छत्री होती, प्रत्येक खुंटीला एकच वस्तू, आणि सगळं जमिनीला टेकलेलं. मी बघत असतानाच त्यांनी गुडघ्यावर हात ठेवून, कण्हत, खाली वाकून टॉवेल अडकवला.

"वर खिळे मारून घ्या की, आप्पालालभाई. या वयात किती वाकायचं?"

"असू द्या. वाकलेलं बरं असतंय." टॉवेल सारखा करत म्हणाले, "वर्सानं परत बघाय येणार हायती न्हवं समितीवाले? समजा ती खोली न्हाय पटली त्यास्नी. मग पोरं दप्तरं कुठं अडकवणार?"

"पटणार नाही असं वाटतं तुम्हाला?"

"छ्या." त्यांनी सांज्याचा घास घेतला. "चांगली हाय खोली. मी कौलावर चढून बघितलंय. एक कौल हाललं हुतं, बसवलं. नळ गळत हुता, वायसर घातला. नापास व्हायची न्हाय ती."

आम्ही थोडा वेळ बसलो. बसायला पोरांचे पाट होते, त्यातला एक त्यांनी मला पुसून दिला. वाटी रिकामी झाल्यावर ती विसळून माझ्या हातात दिली, वाकून छत्री काढली आणि म्हणाले, "चला, ऊन लई हाय, घरापत्तूर सोडतो तुम्हास्नी."

माझं घर त्यांच्या दारासमोर आहे, आठ-दहा पावलांवर. ते शाळेच्या गल्लीकडे वळले. मी छत्रीखाली त्यांच्याबरोबर चालत राहिले.